मुद्दाम बिघाड

आमच्या संस्थेत मला फूटपट्टी म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण माझे कान तिखट आहेत, त्यामुळे मला सगळं कळतं. बारा वर्षं झाली, मी घरं बघायचं काम करते. विकत घ्यायला नव्हे हो, माझी कुठली ऐपत! आमची संस्था कमी भाड्याची घरं बांधते आणि ज्यांना खरंच गरज आहे त्यांना देते. आता गरज खरी की खोटी हे ठरवायचं कसं? तर अर्ज आला की आमच्यातलं कुणीतरी अर्जदाराच्या घरी जातं, हातात चार पानी तक्ता घेऊन, आणि एकेका गोष्टीला गुण देतं. ओल किती, उजेड किती, हवा येते का, माणशी जागा किती, संडास किती जणांत मिळून, घरात आजारी कोण. घर जितकं वाईट तितके गुण जास्त. शंभरात सत्तर मिळाले की पहिल्या यादीत नाव. उलटी परीक्षा आहे ही. हिच्यात नापास व्हायचं असेल तर घर नीटनेटकं ठेवायचं.

आणि मी पक्की आहे, म्हणजे होते. मला कुणी रडून दाखवलं तर मी आधी रुमाल देते आणि मग तक्ता भरते, पण रडण्याला गुण देत नाही. पाच वर्षांपूर्वी एका सुताराने पाहणीच्या आदल्या दिवशी स्वतःच्याच खिडकीच्या काचा फोडल्या आणि संडासाचं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं. मला म्हणाला, वादळात झालं. मी बघितलं तर काचा बाहेरच्या बाजूला पडलेल्या, म्हणजे घाव आतून. आणि दाराचे स्क्रू? ते एका डबीत नीट मोजून ठेवलेले. सुतारच तो, त्याला स्क्रू टाकवेना! मी ती डबी उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेऊन झाकण लावलं. त्याची बायको मात्र माझ्या मागे रस्त्यापर्यंत आली, म्हणाली, ताई, काचा नव्हत्या फुटल्या तरी हवा येत नव्हती हो, खिडकी उघडतच नाही आमची. मी म्हटलं, मग तेवढंच सांगायचं होतं.

त्यावरून मी नवा नियम सुचवला. तक्त्यात शेवटी एक रकाना आला, 'मुद्दाम बिघाड'. घराचा मुद्दाम बिघाड केल्याचं दिसलं की अर्ज रद्द, पाच वर्षं पुन्हा अर्ज नाही, आणि घराची मूळ अवस्था काय होती ते तपासत बसायची गरज नाही. हे शेवटचं वाक्य माझं. मॅडमना, म्हणजे आमच्या संचालिकांना, ते फार आवडलं. वार्षिक सभेत त्यांनी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मी खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं होतं.

आता ताईचं सांगते.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून मला ताईनेच वाढवलं. माझ्या वेण्या तिने घातल्या, शाळेत माझ्या वतीने भांडायला ती गेली, आणि माझा संसार मोडला तेव्हा एक प्रश्न न विचारता तिने माझी बॅग उचलून आत नेऊन ठेवली. ती इस्त्रीचं काम करते. दोन खोल्या आहेत तिच्याकडे, रस्त्यापेक्षा चार पायऱ्या खाली. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर इस्त्री आणि भोवती लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे. मागच्या खोलीत ती आणि दाजी झोपतात. त्या मागच्या खोलीची भिंत ओली आहे. ओली म्हणजे पावसाळ्यापुरती नव्हे, बारा महिने. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा पाइप भिंतीच्या आत फुटलाय आणि घरमालक दर वेळी म्हणतो, बघतो. गेली सहा वर्षं तो बघतोच आहे. भिंतीवर खांद्यापर्यंत काळे ठिपके आणि खोलीत कायम कुबट वास. ताई कपडे आधी इस्त्री करायची, मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंच टांगायची, तरी एखाद्या सदऱ्याला वास लागायचाच आणि गिऱ्हाईक कुरकुर करायचं.

दाजींनी आयुष्यभर ट्रक चालवला. दणकट माणूस. आता त्यांची छाती अशी झालीय की दहा पावलं चालले की कशाचा तरी आधार घेऊन उभं राहावं लागतं. डॉक्टरांनी ताईला स्पष्ट सांगितलं, औषधं मी देईन, पण आधी या माणसाला त्या खोलीतून बाहेर काढा, नाहीतर माझ्या औषधांचा उपयोग शून्य. आणि जिना चढायला लावू नका.

आमची नवी इमारत उभी राहत होती. चोवीस घरं, त्यातली फक्त चार तळमजल्यावर. त्यानंतरची इमारत तीन वर्षं तरी होणार नव्हती. ताईने अर्ज केला. मीच म्हटलं होतं कर म्हणून. तिच्या घराला सत्तर काय, ऐंशी पडले असते. डोळे मिटून.

पण संस्थेचा आणखी एक नियम आहे. कर्मचाऱ्याच्या नात्यातल्या कुणाचा अर्ज आला की त्या कर्मचाऱ्याने लेखी द्यायचं, मी या अर्जाबद्दल अर्जदाराशी चकार शब्द बोलणार नाही. मी लगेच सही केली. वर चहाच्या वेळी चार लोकांना ऐकू जाईल असं सांगितलं, की सख्खी बहीण असली म्हणून काय झालं, नियम म्हणजे नियम. ताईने त्याच आठवड्यात विचारलं, "धाकटे, तुमच्या ऑफिसातून बघायला येणार आहेत, पत्र आलंय. काय तयारी ठेवू गं?"

"ताई, मला काही म्हणजे काही विचारू नकोस," मी म्हटलं. "मी सही केलीय."

"बरं बाई," ती हसून म्हणाली. "मोठी आली सहीवाली!"

एवढंच. मी तिला एक वाक्य सांगितलं असतं, जसं आहे तसं दाखव, तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण मला माझ्या प्रामाणिकपणाचा तोरा मिरवायचा होता ना!

पाहणीला आमच्यातला एकजण गेला, त्याला आम्ही लाजाळू म्हणतो. चांगला माणूस आहे, पण भिडस्त इतका, की लोकांच्या घरात खुर्चीच्या कडेवर बसतो आणि दाखवतील तेवढंच बघतो. त्या दिवशी संध्याकाळी मी माझा कोट इस्त्रीला द्यायला ताईकडे गेले. संस्थेचा निळा कोट आहे, खिशावर बिल्ला असतो, तो दर आठवड्याला ताईच कडक इस्त्री करून देते. चार पायऱ्या उतरले आणि नाकात रंगाचा वास शिरला.

"ये ये!" ताईचा चेहरा नुसता फुललेला. "आला होता तुमचा माणूस. काय गरीब स्वभावाचा गं! चहा घेतला, बिस्किट मात्र एकच. म्हणाला, किती छान ठेवलंय घर."

मी मागच्या खोलीत गेले. भिंत पांढरीशुभ्र. वर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नवा पडदा. शेजारणीच्या दोन खुर्च्या अजून तिथेच होत्या, त्यांच्यावर उशा मांडलेल्या. खाटेखालची ती बादली, जिच्यात भिंतीतलं पाणी ठिबकत असतं, ती गायब.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"रंग दिला! चांगला तेलाचा. तीन दिवस घासत होते मी आधी. हात बघ माझे. पडदा शेजारणीने शिवून दिला. म्हटलं, तुझ्या ऑफिसची माणसं येणार, फूटपट्टीची बहीण कशी राहते बघा, असं कुणी म्हणायला नको. तुझी मान खाली गेली असती."

"आणि दाजी? दाजी कुठे होते?"

"त्यांना सकाळीच बसथांब्यावर बसवून आले. पाहुण्यासमोर खोकत बसले असते ना. दुपारी जाऊन आणलं. बिचारे कुरकुरले नाहीत, म्हणाले, तेवढीच जरा माणसं बघितली."

 काय करू या बाईचं, मला कळेना. सहा महिने ज्या माणसाच्या छातीसाठी आम्ही जीव टांगणीला लावून बसलो होतो, तो माणूस छाती लपवायला बसथांब्यावर.

"अगं ताई," मी ओरडलेच, "घाण दाखवायची होती गं!"

ताईचं हसू गेलं. "घाण? माझ्या घरात घाण नाही. ओल आहे. ओल ही काही माझी चूक नाही."

"मग ती लपवलीस कशाला?"

ती पुढच्या खोलीत गेली. टेबलावरचा एक सदरा उचलून तिने उगाच पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "मला लाज वाटते म्हणून. तुला नाही कळायचं. तू दुसऱ्यांची घरं बघतेस, तुझ्या घरात कोण येतंय बघायला?"

यादी लागली. ताईला अठ्ठेचाळीस. ओल: आढळली नाही. आजारी व्यक्ती: घरी आढळली नाही. शेवटी लाजाळूचा शेरा: घर अत्यंत स्वच्छ व सुस्थितीत. मी लाजाळूला जिन्यात गाठलं आणि पडदा का नाही बाजूला केलास म्हणून इतकं बोलले की तो भिंतीला चिकटला. "तुमच्या ताई हो," तो म्हणाला. "त्यांचा पडदा मी कसा ओढणार?" आता याला काय बोलायचं! माझ्याच नावाची भीड पडली त्याला.

पण एक वाट होती. फेरपाहणी. पंधरा दिवसांच्या आत अर्जदाराने मागितली की दुसऱ्या शाखेतलं कुणीतरी येतं आणि तो निकाल शेवटचा. ताईने मागितली. मीच तिच्यापुढे कागद ठेवून सही घेतली, आणि माझ्या त्या लेखी कागदाची काशी झाली ती तिथेच. तारीख मंगळवारची आली. येणार होती ती दुसऱ्या शाखेतली बाई, जिला मीच शिकवून तयार केलं. माझ्यासारखीच नाक वर करून वास घेते म्हणून तिला छोटी फूटपट्टी म्हणतात.

म्हणजे खरं तर काळजीचं कारणच नव्हतं. पण माझं डोकं ठिकाणावर होतं कुठे! तेलाचा रंग महिनाभर तरी धरून ठेवणार, पांढरी भिंत बघितली की ती पुन्हा शून्य मांडणार, एवढंच माझ्या डोक्यात. रविवारी दुपारी मी ताईकडे गेले. दाजी पुढच्या खोलीत कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "काय मेव्हणीबाई, मंगळवारी मी बसथांब्यावर, की घरात?"

"घरात," मी म्हटलं. "आणि मनसोक्त खोका."

"चला, शेवटी कुणीतरी खोकायला परवानगी दिली," ते म्हणाले आणि हसायला लागले आणि हसण्याचा खोकला झाला.

मी मागे गेले, पडदा खसकन ओढून काढला. शेजारणीच्या खुर्च्या तिच्या दारात नेऊन ठेवल्या. बादली शोधून खाटेखाली सरकवली. ताई दारात उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जणू कुणीतरी तिच्या अंगावरचे कपडे ओढतंय.  मग मी स्वयंपाकाच्या फळीवरचं उलथनं घेतलं आणि भिंत खरवडायला लागले.

"थांब!" ताईने माझा हात धरला. "धाकटे, थांब. ही माझी भिंत आहे."

"तुझी नाही, घरमालकाची आहे. सोड."

"असू दे ना तसंच. मी तोंडाने सांगेन तिला, मागे ओल आहे म्हणून. सगळं सांगेन."

"तोंडाच्या सांगण्याला गुण नसतात, ताई! मला शिकवू नकोस, बारा वर्षं हेच करतेय मी." मी तिचा हात झटकला. जोरात झटकला, मला आठवतंय. रंगाचे पोपडे माझ्या पायांवर पडत होते, खालून ते काळे ठिपके वर येत होते, आणि मला तर आनंद होत होता. हे बघ, हे बघ, इथे आहे सगळं! अर्धी भिंत मी तासाभरात उघडी केली. ताई पुढच्या खोलीत जाऊन इस्त्री करत बसली. मी निघाले तेव्हा तिने माझा कोट हातात दिला, घडी न मोडलेला. "जपून ने," म्हणाली.

मंगळवारी मी ऑफिसात घड्याळाकडे बघत होते. बुधवारी फाइल आली. नात्यातली म्हणून मला ती बघायला मनाई, पण मी मनाईच्या पलीकडे कधीच गेले होते. मॅडम जेवायला गेल्यावर मी फाइल उघडली. छोटी फूटपट्टीचं अक्षर अगदी माझ्यासारखं, सुबक, उभं.

'मागील खोलीच्या भिंतीवरील रंग हत्याराने खरवडलेला. खुणा आडव्या व ताज्या. पोपडे जमिनीवर. आत ओल आहे. विचारले असता अर्जदार महिलेने आपण स्वतः खरवडल्याचे मान्य केले. मुद्दाम बिघाड. अर्ज रद्द.'

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. आपण स्वतः खरवडल्याचे मान्य केले.

मी छोटी फूटपट्टीला फोन लावला. ती जरा अवघडली होती. "तुमच्या बहिणीचं घर आहे हे मला नंतर कळलं हो," ती म्हणाली. "पण कळलं असतं तरी तेच लिहिलं असतं. तुम्हीच शिकवलंत ना, ओल खालून वर चढते नाहीतर वरून खाली उतरते, आडवी रेघ फक्त माणूस ओढतो."

"आत ओल आहे, असं तूच लिहिलंयस ना?" मी म्हटलं. "दाजींचा खोकला ऐकलास ना?"

"ऐकला. मला वाईट वाटतंय. पण बिघाड दिसला की मूळ अवस्था तपासायची नाही, असा नियम आहे." आणि म्हणाली, "त्यांनी कशाला खरवडली कोण जाणे. राहू दिली असती तरी मला कळलंच असतं. भिंतीला तळहात लावायचा, रंगावर विसंबायचं नाही, हेही तुमचंच आहे."

मी फोन ठेवला. तळहात लावायचा. ही गोष्ट मी तिसाएक लोकांना शिकवलीय. त्या रविवारी ती मलाच आठवली नाही.

मी मॅडमच्या खोलीत गेले. आत जाताना माझं ठरलेलं होतं. सांगायचं, मॅडम, ते उलथनं माझ्या हातात होतं, ताई अडवत होती. मॅडम उद्घाटनाच्या कार्यक्रमाचे कागद लावत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "बस. मला कळलं तुझ्या बहिणीचं. फार वाईट झालं. पण तुला खरं सांगू? तू एका शब्दाने मध्ये पडली नाहीस. दुसरी कुणी असती तर माझ्या मागे लागली असती. तू आहेस म्हणून आपल्या यादीवर लोकांचा विश्वास आहे."

माझं तोंड उघडं होतं. तसंच मिटलं.

मी स्वतःला काय काय सांगितलं ते ऐका. सांगितलं तर नोकरी जाईल, या वयात दुसरी कोण देणार. सांगितलं तरी ताईला घर मिळणार नाही, नात्यातल्याने ढवळाढवळ केली म्हणूनही अर्ज रद्दच होतो. हे दोन्ही खरं आहे. पण ते काही कारण नव्हतं. कारण एवढंच, की मला त्या खोलीतून फूटपट्टी म्हणूनच बाहेर पडायचं होतं. थू माझ्या जिनगानीवर.

संध्याकाळी ताईकडे गेले. दाजी घरात नव्हते.

"बसथांब्यावर आहेत," ताई म्हणाली. "आता रोजच जातात. आपणहून. म्हणतात, तिथे श्वास बरा लागतो." ती मागच्या खोलीत स्टुलावर चढून रंग देत होती. उरलेला डबा होता म्हणे.

"तू खोटं का बोललीस?" मी विचारलं.

"कुठे खोटं? घर माझं, भिंत माझी." तिने ब्रश डब्यात बुडवला. "ती बाई विचारत होती, कुणी केलं, कुणी केलं. तुझं नाव घेतलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. आमचं घर तर गेलंच होतं, तुझी नोकरी कशाला घालवायची? राहिली ना नोकरी?"

"राहिली."

"झालं तर मग."

मी रडायला लागले. मोठ्यांदा, लहानपणी रडायचे तशी. एरवी ताई लगेच जवळ घेते. त्या दिवशी ती स्टुलावरून उतरली नाही. रंग देत राहिली, आणि पाठमोरीच म्हणाली, "एक सांगू? घर गेल्याचं मी सोसेन. आमच्या नशिबात पाच वर्षं अजून हीच भिंत, तर तीच. पण तू त्या दिवशी माझा हात झटकलास ना, तसा मी तुझा कधीच झटकला नव्हता गं." मग म्हणाली, "पडद्याचं ते टोक धर."

मी धरलं. पडदा लावून झाला. तिने मला चहा विचारला नाही.

पुढच्या महिन्यात नव्या इमारतीच्या चाव्या वाटल्या. फीत, फुलं, फोटो काढणारा, देणगीदार, सगळं साग्रसंगीत. आदल्या दिवशी मी कोट ताईकडे दिला होता. वाटलं होतं नाही म्हणेल. तिने घेतला, कडक इस्त्री करून नेहमीसारखा पिशवीत बांधून टांगून ठेवला, आणि सकाळी दिला. येताना बसथांब्यावर दाजी दिसले. बाकाच्या टोकाला बसले होते, गळ्याला मफलर, येणाऱ्या प्रत्येक बसकडे बघत, एकीतही न चढणारे. मला बघून त्यांनी हात केला. मीही केला, आणि पुढे गेले.

तळमजल्यावरचं तीन नंबरचं घर एका म्हाताऱ्या शिंपिणीला आणि तिच्या पांगळ्या लेकीला मिळालं. त्यांची पाहणी मीच केली होती. त्यांच्या घरात पाणी घोट्यापर्यंत यायचं, त्यामुळे त्यांचा रागही धरता येईना. या नव्या घरात दोन्ही खोल्यांना खिडक्या. भिंती कोरड्या. मी सवयीने तळहात लावून बघितला.

मॅडमनी मला शेजारी उभं केलं. चावी देताना भाषणात म्हणाल्या की या चाव्यांच्या मागे एका बाईची बारा वर्षांची सचोटी आहे, आणि त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटोसाठी जवळ सरकल्या. जवळ आल्या तशा त्यांनी नाक जरासं आक्रसलं. माझ्या कोटाकडे बघितलं, मग भिंतीकडे.

"कुबट वास कसला येतोय गं?" त्या हळूच म्हणाल्या. "नव्या घरात ओल आली की काय?"

शिंपीण चावी हातात धरून आमच्याकडे बघत होती. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा.

"छे हो मॅडम," मी म्हटलं. "नव्या रंगाचा वास आहे."